सावडीचं उत्तर

९ जून, सोमवार

नीतिशास्त्राच्या पहिल्याच धड्यात लिहिलंय, की रोज स्वतःच्या वागण्याची नोंद ठेवावी, खरी ठेवावी आणि कुणाला दाखवू नये. म्हणून ही वही. दाखवायची नाही म्हटल्यावर लिहायला बरं वाटतं. नाहीतर अंगणवाडीत मी जे काही लिहिते ते तपासायला कुणीतरी येतंच.

पदवीचे बाकीचे पेपर सुटले, हा एक राहिलाय. तोही निवडला तो 'आपल्या गतीने' करायचा आहे म्हणून. तास नाहीत, वर्ग नाहीत, जव्हारच्या केंद्रावर खेपा नाहीत. धडे फोनवर येतात, प्रत्येक घटकाचं एक मोठं उत्तर लिहून फोनवरूनच पाठवायचं. पाच घटक झाले की विषय सुटला. पण गती काही माझी नाही, वयाची आहे. आम्हा सेविकांमधून पर्यवेक्षिका भरणार आहेत, पदवी हवी, अर्ज ऑगस्टअखेर. त्यानंतर पुन्हा कधी भरतील तेव्हा मी वयात बसणार नाही. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही. रोहिदास हे रोज सकाळी चहाबरोबर ऐकवतात. नवरा आश्रमशाळेत मास्तर असला की बायकोही विद्यार्थीच होते.

विषय आम्हा तिघांचा आहे. एक मी, दुसरी माझी मदतनीस रुपी, तिसरा नीलेश, जो मोखाडा-जव्हार जीप चालवतो आणि वनरक्षक व्हायची स्वप्नं बघतो. अभ्यास कसा करायचा हे रुपीने एका वाक्यात ठरवलं.

"सावडीनं करू. एकटीनं आवनी कोन करतंय?"

खरंच की. आवणीला, म्हणजे भाताची रोपं लावायला, आज माझ्या शेतात सगळ्यांनी वाकायचं, उद्या तिच्या, परवा त्याच्या. कुणी कुणाला मजुरी देत नाही, दिवसाला दिवस फेडतो. तसाच एकेक घटक तिघांनी मिळून उरकायचा. मला ही कल्पना फार आवडली.

१४ जून, शनिवार

आमच्या पाड्यात रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी येते. तिथे पहिला घटक केला: चांगलं वागणं म्हणजे काय. नीलेशने एक म्हणायचं, रुपीने ते खोडायचं आणि मी दोघांना गप्प करून लिहायचं. लिहायचं काम माझं, कारण माझी भाषा शुद्ध आहे. नीलेश लिहितो ते जीपच्या काचेवरच्या वाक्यांसारखं होतं आणि रुपी बोलते तसंच लिहिते.

उत्तर झाल्यावर तेच तिघांनी पाठवलं. पाठवण्याआधी एक चौकट येते, 'हे उत्तर माझे स्वतःचे आहे', तिथे खूण करायची. नीलेश थबकला, "करू का खूण?"

रुपी हसली. "आपलाच तं हाय. कोनाचा चोरला?"

आम्ही तिघांनीही खूण केली.

२३ जून, सोमवार

तिसरा घटक नीलेशच्या उभ्या जीपमध्ये बसून केला. विषय न्याय. सगळ्यांना सारखं देणं म्हणजे न्याय का, असा प्रश्न. मी म्हटलं, हो, त्यात विचार काय करायचा. अंगणवाडीत मी हेच करते, प्रत्येक पोराला एक पळी खिचडी.

रुपी म्हणाली, "आनि काल्या? त्यो डोंगरावरून चालत येतो. बाकीची पोरा अंगनातून येतात. पली एकच, मंग भूक पन एकच का?"

या काळ्यावरून आमचं मागे वाजलं होतं. रुपी त्याला गुपचूप पातेल्याच्या तळाची खरवड काढून देते. उद्या कुणी तक्रार केली तर मला उत्तर द्यावं लागेल, म्हणून मी तिला झापलं होतं. पण उदाहरण म्हणून काळ्या चांगला आहे, म्हणून घातला. उत्तर झकास झालं. लिहिताना मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

३० जून, सोमवार

दुपारी कॉलेजची नोटीस आली. तिघांनाही, एकाच वेळी. 'आपल्या तीनही घटकांची उत्तरे अन्य दोन विद्यार्थ्यांच्या उत्तरांशी शब्दशः जुळतात. मूळ उत्तर कोणाचे हे चौकशीत सिद्ध झाल्यास त्याचे गुण कायम राहतील. नक्कल करणाऱ्यांना दोन वर्षे परीक्षेस मनाई करण्यात येईल व ते नोकरीत असल्यास त्यांच्या कार्यालयास कळवण्यात येईल. मूळ लेखक निश्चित न झाल्यास तिघांचीही उत्तरे रद्द होतील.' चौकशी पंधरा जुलैला, जव्हारच्या केंद्रावर. प्रत्येकाला वेगळं बोलावणार.

नक्कल! मी आयुष्यात कुणाच्या पाटीत डोकावले नाही. वर्गात पहिली यायचे. मी नक्कल कशाची करेन, लोकच माझी करतात.

रुपीला वाचून दाखवली. तिने भांडी घासता घासता ऐकली आणि म्हणाली, "त्यांच्याकडं सावड नसंल." मला तिचा राग आला. इथे माझं आयुष्य टांगणीला लागलंय आणि हिला विनोद सुचतोय.

१ जुलै, मंगळवार

झोप नाही. रोहिदासना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "लिहिलं कोणी?"

"हाताने मी. पण बोललो तिघं."

"उत्तर लिहिणाऱ्याचं असतं. बोलणाऱ्याचं नसतं. तूच लिहिलंस, तसं सांग. ती दोघं हो म्हणतील ना?"

यात खोटं काय आहे? प्रत्येक शब्द माझ्या हातचा आहे. नीलेशच्या 'भावा' आणि रुपीच्या 'लिवला'मधून ते उत्तर कुणी उपसून काढलं? मीच.

६ जुलै, रविवार

आज टाकीपाशी तिघं बसलो. मी ठरवून गेले होते, की विषय मी काढायचा नाही. शेवटी नीलेशनेच काढला. बिचारा मनाने फार चांगला आहे.

"तिघं बुडण्यापेक्षा एक तरावा. सुनिताताई, तुमचं वय चाललंय, माझं काय? मी दोन वर्षांनी परत बसेन. तुम्ही सांगा, तुम्हीच लिहिलं. आम्ही म्हणतो बघून घातलं."

मी रुपीकडे बघितलं. ती गवताची काडी दाताखाली धरून डोंगराकडे बघत होती.

"मंग मी चोर?" ती म्हणाली.

"चोर कसली, वेडे?" मी म्हटलं. "फक्त कागदावर."

"कागदावरच तं सगला हाय बाय."

मी तिला नीट समजावलं. चौथ्या घटकात परिणाम बघून निर्णय घेण्याचा विचार आहे, जास्तीत जास्त लोकांचं भलं ज्यात होईल ते करावं. मी पर्यवेक्षिका झाले की माझी सेविकेची जागा रिकामी होईल. ती कुणाला मिळेल? इथे इतकी वर्षं मदतनीस असलेल्या रुपीलाच. म्हणजे मी तरले तर ती पण वर चढली. असा हिशेब मांडल्यावर मलाच हलकं वाटलं. मी स्वतःसाठी काही मागतच नव्हते, असं दिसलं.

रुपीने काडी थुंकली. "बेस," म्हणाली आणि उठली.

रुपीला पटलं आहे. पटलं नसतं तर ती भांडली असती, गप्प बसणारी बाई नव्हे ती.

८ जुलै, मंगळवार

चौथा घटक एकटीने लिहून पाठवला. आता सावड नको. एकटीने लिहिताना वेळ लागतो. प्रत्येक वाक्यानंतर मी मान वर करून बघत होते, समोर खोडायला कुणी नव्हतं.

११ जुलै, शुक्रवार

माझ्या शेताची आवणी झाली. सावडीला आठ-दहा घरच्या बायका आल्या, रुपी पण आली आणि तिची सासू भागी पण. पाऊस धो धो. एरवी रुपी आवणीत असली की शेत हसतं. माझ्या सासूची नक्कल, पर्यवेक्षिका मॅडम उंच टाचांच्या चपला घालून कशा बांधावरून चालतात त्याची नक्कल, बायका रोपं टाकून पोट धरतात. आज ती वाकली ती वाकलीच. तिच्या हाताखालची रोपं मात्र सगळ्यांत सरळ होती.

भागी म्हणाली, "रुपीच्या तोंडाला कुलूप कोनी लावला गं?"

"दाढ दुखते," मी सांगितलं. रुपीने माझ्याकडे एकदा बघितलं आणि परत वाकली.

संध्याकाळी ती पाय धूत होती तेव्हा मी जवळ गेले. "मंगळवारी नक्की ना?"

"माझं शेत शेवटाला हाय, सत्तावीसला," ती म्हणाली. "राबातली रोपा उशिरा उगावली."

मी काय विचारत होते ते तिला कळलं होतं. तिने मुद्दाम दुसरंच उत्तर दिलं.

१४ जुलै, सोमवार

आज रुपी अंगणवाडीत आलीच नाही. निरोप नाही, काही नाही. खिचडी मी शिजवली, ती करपली. काळ्या दाराशी उभा राहून रुपीची वाट बघत होता. मी त्याला एक पळी वाढली आणि खरवड करपलेली होती म्हणून कुणालाच दिली नाही.

मनात नको नको ते येऊ लागलं. उद्या ती आत जाऊन सगळं सांगेल. तिघांनी बोललेलं, मी ठरवलेलं, टाकीपाशी बसून केलेलं. मग तिघं बुडणार आणि त्यातही मी दुप्पट, कारण पढवलं मी. दुपारी राहवलं नाही. पेटीतली एकदाच नेसलेली निळी साडी पिशवीत घातली आणि तिच्या घरी गेले.

रुपी ओट्यावर बसून नागलीचं दळण निवडत होती. आजारी दिसत नव्हती. मी साडी पुढे केली. "तुला निळा रंग आवडतो ना? माझ्याकडे नुसती पडून आहे."

तिने हात पुसले, पण साडीला लावले नाहीत. "कशाला आनलीस?"

"अशीच."

"अशी तू कवा आनलीस?" मग म्हणाली, "बाय, एक सांग. तुला वाटतं ते तूच लिवलास?"

मला असा सरळ प्रश्न अपेक्षित नव्हता. मी म्हटलं, "अगं, आता तो प्रश्नच नाही. प्रश्न काय सांगायचं हा आहे."

"मी इचारलं काय, तू सांगते काय." ती परत निवडायला लागली. "घेऊन जा साडी. मी बोलंन ते बोलंन."

साडी तिथेच ओट्यावर ठेवून आले. आत्ता ती माझ्या दाराच्या कडीला अडकवलेली आहे, नीलेशच्या हाती परत पाठवली. म्हणजे उद्या रुपी माझ्या विरुद्ध जाणार. मला एवढंच कळत नाही, की मी तिचं काय वाईट केलंय? कागदाला टाचणी लावण्यापासून सगळं मीच तिला शिकवलं.

१५ जुलै, मंगळवार

सविस्तर लिहिते. लिहिल्याशिवाय आज झोप येणार नाही.

नीलेशच्याच जीपने गेलो. जव्हारच्या केंद्रात चौकशीला तुषार सर होते. तरुण आहेत, दिसायला साधे. आम्हाला पडवीतल्या बाकावर बसवलं, एकमेकांशी बोलायचं नाही म्हणून शिपाई समोर.

आधी नीलेश. लगेच बाहेर आला आणि शिपायाची पाठ वळताच मला डोळा मारला. त्याचं झालं.

मग रुपी. ती आत गेली आणि येईनाच. बाहेर छपरावर पाऊस वाजत होता, आतलं काही ऐकू येत नव्हतं. मी देवाचं नाव घ्यायला लागले आणि मग लाज वाटली, कशासाठी घेतेय म्हणून. तरी घेतलं. दार उघडलं तेव्हा रुपीने पदर डोक्यावरून ओढून घेतला होता. माझ्याकडे न बघता ती पायऱ्या उतरली आणि पावसातच फाटकाशी जाऊन उभी राहिली. मला वाटलं, संपलं.

आत गेले. सरांनी बसायला सांगितलं. म्हणाले, "दोघांनीही मान्य केलंय. उत्तरं तुमची, त्यांनी पाहून घातली. रुपीताईंना मी दोनदा विचारलं. म्हटलं, परिणाम माहीत आहेत ना तुम्हाला? वाचूनही दाखवले. त्या म्हणाल्या, मला कुठं येतं असं लिहायला."

माझा जीव भांड्यात पडला. खरं सांगते, त्या क्षणी दुसरं काही वाटलंच नाही. एवढं हलकं मला बाळंतपणानंतरसुद्धा वाटलं नव्हतं.

सरांनी कागद उलटले. "या तिसऱ्या उत्तरात एक मुलगा आहे, लांबून चालत येणारा. मी इतकी वर्षं ही उत्तरं तपासतोय, सगळे पुस्तकातलंच लिहितात. हे वाचून मी थांबलो. पळी एकच असली तरी भूक एक नसते. हे कसं सुचलं तुम्हाला?"

मी म्हटलं, "तो आमच्याच अंगणवाडीतला आहे सर. मी रोज बघते."

"आणि मग काय करता त्याच्यासाठी?"

"खरवड देतो थोडी. तळाची."

'देतो' म्हटलं. 'देते' म्हणवलं नाही. सरांनी मान डोलावली, पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. "सुनिताताई, तुम्हाला आणखी काही सांगायचंय? हे कागद गेले की गेले. मी एकदा सगळ्यांना विचारतो."

ते माझ्याकडे अजिबात रोखून बघत नव्हते. खिडकीतून बघत होते. खिडकीतून फाटक दिसत होतं. मला कळेना, त्यांना काही कळलंय की ही नुसती पद्धत आहे. सांगून टाकावं, असं एकदा वाटलं. रोहिदास दिसले, अर्जाची तारीख दिसली, मॅडमच्या उंच टाचांच्या चपलाही दिसल्या.

"नाही सर," मी म्हटलं.

परत येताना नीलेशने मला पुढच्या सीटवर बसवलं. "साहेब होणार तुम्ही, मागं कशाला दाटीत?" बरं वाटलं. पुढे दोघींची जागा होती, मी रुपीला हाक मारली. ती मागेच बसली. ओल्या कपड्यांनी सीट भिजेल म्हणाली.

१६ जुलै, बुधवार

रुपी कामावर आली. वेळेवर आली, झाडलं, खिचडी केली. मी म्हटलं, "रुपी, तुझे उपकार मी विसरणार नाही."

ती म्हणाली, "तांदूल संपत आलाय, मागव."

वाटलं होतं, आज दोघी मिळून रडू आणि मग हसू. तिचा स्वभाव जरा विचित्रच आहे. होईल ठीक.

२२ जुलै, मंगळवार

उत्तीर्ण! पाचवा घटक परवाच पाठवला होता, सत्य बोलण्याच्या कर्तव्यावर. निकाल आज टाकीपाशी उघडला. नीतिशास्त्र, श्रेणी 'अ'. शेरा: 'स्वानुभवातून आलेले प्रामाणिक लेखन.'

रोहिदासनी मोखाड्याहून पेढे आणले. ते पाड्यात घरोघरी वाटले. भागीने पेढा घेतला, कपाळाला लावला आणि ओच्यात बांधला. रुपी घरात होती, बाहेर आली नाही. तिच्यासाठी दोन ठेवले.

पदवीधर झाले मी. आईला हे बघायला हवं होतं. रात्रभर पाऊस पडेल असं दिसतंय आणि मला गाणं म्हणावंसं वाटतंय.

२५ जुलै, शुक्रवार

आज पर्यवेक्षिका मॅडमचा फोन. अभिनंदन केलं, अर्जाला कोणते कागद लागतील ते सांगितलं. मग बोलता बोलता म्हणाल्या, "तुमच्या जागी आता ती करिष्मा दिसतेय, मोखाड्याची. तुमच्या मदतनीसबाईंचं नाव होतं वर, पण कॉलेजचं पत्र आलंय ना ऑफिसला. परीक्षेत नक्कल. असली नोंद असलेली बाई कशी घेणार? सध्या मदतनीस म्हणून ठेवलंय हेच पुष्कळ."

मी खालीच बसले. नोटिशीत हे होतं म्हणे. मी इतकं बारीक वाचलं नव्हतं. घाबरले होते ना. कोण वाचतं अशा वेळी एकेक ओळ? सरांनी रुपीला वाचून दाखवलं होतं, म्हणजे तिला ठाऊक होतं. मग तिने सांगायला नको का? टाकीपाशी मी तिच्या बढतीचं एवढं बोलत होते तेव्हा एक शब्द तरी बोलायचा. मला काय माहीत.

संध्याकाळी धीर करून तिला विचारलं. म्हटलं, "तुला माहीत होतं तर बोलली का नाहीस?"

ती चुलीतली लाकडं मागे ओढत होती. म्हणाली, "तू वाचून दावलीस की, मी भांडी घाशीत हुते तवा. मला वाटला, तुला ठावंच हाय."

मी मॅडमना सांगते, तुषार सरांना फोन करते, असं काहीबाही बोलले. रुपीने विचारलं, "काय सांगशील?" आणि उत्तराची वाट न बघता पातेलं घेऊन बाहेर गेली.

काय सांगेन? खरं सांगितलं तर माझं रद्द होईल आणि तिचंही सुटणार नाही. तिने तर लिहून दिलंय. म्हणजे आता सांगण्यात कुणाचंच भलं नाही. मी तीन वेळा हा विचार पहिल्यापासून केला, तीनही वेळा इथेच येऊन थांबला. सर्वांत वाईट म्हणजे मला त्याने बरं वाटलं.

२६ जुलै, शनिवार

उद्या रुपीच्या शेताची आवणी. मी रोहिदासना सांगून टाकलं, काहीही झालं तरी मी जाणार. तिचा दिवस माझ्याकडे आहे. भरपूर काम करेन, सगळ्यांच्या आधी वाकेन आणि सगळ्यांच्या नंतर उठेन. रुपी चार शिव्या घालेल, घालू दे. चिखलात बाई फार वेळ रागावून राहू शकत नाही.

२७ जुलै, रविवार

जुनी साडी नेसून गेले. फाटकी, आवणीचीच. सगळ्या बायका आधीच शेतात होत्या. बांधावर नीलेश उभा होता आणि त्याच्याशेजारी एक लाल प्लास्टिकची खुर्ची. समाजमंदिरातून आणलेली. वर छत्री बांधली होती, दांडी खुर्चीच्या पाठीला सुतळीने आवळून.

मला वाटलं, कुणी पाहुणा येणार असेल.

रुपी शेतातून वर आली. हात स्वच्छ धुऊन, पदर सारखा करून. "या मॅडम, बसा," ती म्हणाली. "चा टाकलाय."

"रुपी, असं काय करतेस? मी आवणीला आलेय."

"नको. पाय खराब होतील तुमचे."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी उलट बोलले असते. मोठी मॅडम भेटीला येतात तेव्हा ती जशी बोलते, अगदी तशीच बोलली. मी तिला तशी बोलताना शेकडो वेळा ऐकलंय आणि मॅडमची पाठ वळल्यावर आम्ही दोघी हसलोय.

मी खुर्चीत बसले नाही. रोपांची एक जुडी उचलली आणि बांधाच्या कडेला जाऊन उभी राहिले. बायका ओळीने वाकल्या होत्या, खांद्याला खांदा. ओळीत शिरायचं तर कुणीतरी सरकावं लागतं. एरवी सांगावं लागत नाही, पाय वाजला की शेजारीण सरकते. मी उभी राहिले. पाऊस डोक्यावरून गळत होता. ज्या बायका माझ्या शेतात वाकल्या होत्या त्याच या. हात चालत होते, रोपं लागत होती. एकही सरकली नाही.

"भागीमावशी," मी म्हटलं, "जरा जागा दे ना."

भागीने मान वर केली. म्हातारीचे डोळे पाण्याने भरले होते, पावसाचं होतं की काय देव जाणे. "बसा बाई," ती म्हणाली. "तुमी आता बसायचा."

मी जुडी खाली ठेवली आणि जाऊन खुर्चीत बसले. दुसरं काय करणार? निघून गेले असते तर ते आणखी वाईट दिसलं असतं. नीलेशने कपबशीतून चहा दिला. बाकीच्यांनी टोपाभोवती बसून पेल्यांतून घेतला. जेवणाला मला वेगळं ताट आलं, भाकरीवर दुसरी भाकरी झाकून. कुणी मला वाईट बोललं नाही. मी काही विचारलं की नीट उत्तर मिळत होतं. रुपी दुपारनंतर नकला करायला लागली आणि शेत हसायला लागलं. कुणाची नक्कल करत होती ते मला छत्रीखालून दिसलं नाही. मीही हसले, सगळ्या हसत होत्या म्हणून.

शेवटचा तुकडा लागल्यावर मी रुपीला गाठलं. "माझा दिवस फिटला ना गं?"

तिने माझ्याकडे नीट बघितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"पाहुन्याचा दिवस कोन धरतो?" ती म्हणाली. "ऱ्हाऊं द्या तो तुमच्याकडंच."

नीलेश सोडायला येत होता, मी नको म्हटलं. डांबरी रस्त्याने एकटीच आले. घरी आल्यावर सवयीने मोरीत गेले, साडी गुडघ्यापर्यंत खोचली, तांब्या भरून घेतला. पिंढऱ्यांना चिखल नव्हता. तिथेच दगडावर बसले आणि खूप रडले. रोहिदास बाहेरून विचारत होते, अर्जावर सही केलीस का.